बोदलकशाच्या तळची भुजली

बोदलकशाच्या तलावात शेतं बुडाली तरी काही घरं जागची हलली नाहीत. कानामागे कल्ले फुटवणारं औषध त्यांनी घेतलं अन् तळाशीच संसार मांडले. मागच्या उन्हाळ्यात धानाला पाणी द्यायला काठावरच्या लोकांनी तलावाचं गेट उघडलं, तळचं गाव कोरडं पडायची पाळी आली. तेव्हा तळच्या कोवळ्या वयाच्या चेतनानं पाण्याबाहेर डोकं काढून वरच्या गावातल्या डिंपल नावाच्या पोरीला गाठलं अन् गेट बंद करवलं. तिथून दोघींची माया जुळली.

यंदा राखीच्या दुसऱ्या दिवशी डिंपलनं भुजलीची टोपली पाण्यात सोडली. अंधारात उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब, मुळांना माती तशीच. ज्याच्या कानावर भुजली खोचली तो जन्माचा सखा. चेतनानं पहिली जुडी धाकट्या बहिणीच्या, चंदाच्या कानावर खोचली.

"मी पन डिंपलची सखी झाली का वो ताई?"

"झाली. आता तिच्यावानी बकबक नोको करू."

चंदा हसली, अन् हसता हसता तिचा कल्ला काळा पडला, मागोमाग दुसराही.

आजी धुरपता धावली. मुळाची माती तिनं जिभेला लावून थुंकली. "धानाच्या बांधीतली माती होय हे, फवारनीचं जहर मुरलेली! डोळे फुटले होते का तिचे?"

"तिनं जानून नाई केलं, आजी."

"मरनारीले त्याचं का सांगू?"

जळलेला कल्ला पुन्हा फुटत नाही. पण लहान लेकराची फुप्फुसं जागी असतात. वर नेली तर जगेल, पाण्यात मात्र कधी परतणार नाही. चेतनाची फुप्फुसं कधीच विझली होती; वर ती दमभरच टिकायची.

"नोको नेऊ. तमाशा करतीन तिचा वरचे," आजी म्हणाली.

"मंग इथं मरू देऊ?"

बाजाराला धाडावं तसे आजीनं चंदाचे केस सारखे केले.

तलावाच्या पाळीवर डिंपल भुजलीचं गाणं म्हणत बसली होती. चेतनानं चंदाला पाण्याबाहेर धरलं. पोर खोकली, हवा आत गेली अन् तिनं टाहो फोडला.

"काऊन रडून राहिली हे?"

"तुह्या मातीत जहर होतं. घे हिले."

डिंपलचे हात मागे गेले. "मी? माय का म्हनंन मले?"

"मायले मंग इचारजो. आधी घे!" चेतनाचा दम संपत आला होता.

डिंपलनं घेतलं. चंदाची मूठ ताईच्या केसांत गच्च होती. चेतनानं बोटं सोडवली; तुटलेले केस मुठीतच राहिले. मग ती खाली गेली, अन् तिथं ते रडणं ऐकू येत नव्हतं.