चिमट्याच्या टोकावर विमान

मंडईचा, म्हणजे गावच्या वार्षिक जत्रेचा, दिवस होता. दिवाळी होऊन गेलेली, धान कापणीला आलेला, आणि गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या पुढच्या एका गावात दंडारीच्या नाचगाण्याच्या मांडवापुढे पंचक्रोशी लोटली होती. चैतरामची बायको रुख्मा लहानग्या प्रेमिलाला कडेवर घेऊन काकणं पाहत उभी होती. शेजारीच एक जटाधारी साधू चिमटा वाजवत ताईत विकत होता.

तेवढ्यात आभाळ घरघरलं. पूर्वेकडून एक विमान आलं, पश्चिमेकडून दुसरं, आणि दोन्ही अगदी समोरासमोर. ढोलकी थांबली. रुख्माने लेकीचं तोंड पदराखाली दाबलं. जो तो डोक्यावर हात घेऊन खाली बसला, साधूसुद्धा. शेवटच्या क्षणी एक विमान कुशीवर कललं, दुसऱ्याच्या पोटाखालून निसटलं आणि झाडांच्या शेंड्यांवरून कानठळ्या बसवत निघून गेलं.

"बाबानं चिमटा दाखवला म्हनून वाचलो," कुणीतरी म्हणालं.

साधूने डोळे किलकिले केले. डोक्यावर घेतलेल्या हातात चिमटा तसाच राहिला होता. तो त्याने सावकाश आणखी वर नेला. "आकाश की डोर हमारे हाथ में है, बेटा." ताईतवाल्याचा चिमटेबाबा व्हायला एवढा वेळ पुरला.

रुख्मा हातभर अंतरावर होती. विमानं एकमेकांना चुकवून गेली तेव्हा बाबाचे डोळे घट्ट मिटलेले तिने पाहिले होते. पण सगळा गाव पाया पडत असताना आपलीच नजर चुकली असेल असं तिला वाटलं, आणि तीही पाया पडली.

बाबा केशोराव पाटलांच्या ओसरीवर मुक्कामाला आला. आभाळाचा कोप अजून सरला नाही म्हणाला, आणि त्याने गाव बांधलं. रोगराई आली की गाव बांधायची रीत तिथे जुनीच होती, त्यामुळे नवल कुणालाच वाटलं नाही. चारी बाजूंनी राखेची रेघ ओढली गेली. येत्या अमावास्येपर्यंत ती कुणी ओलांडायची नाही. ओलांडली, की विमान गावावर पडणार.

रोज दुपारी एक विमान गावावरून जाई. ते मंडईच्या आधीही जात होतं, पण तेव्हा मान वर करायला सवड कुणाला होती? आता बाया पोरांना पोटाशी धरून बसत, बाबा चिमटा हलवी, विमान आपल्या वाटेने जाई आणि बाबापुढे तांदूळ, तूप, कोंबडी येऊन पडे. विमानाने एकदाही बाबाची लाज घालवली नाही.

मग शेजारच्या सुलोचनाबाईचा नातू तापाने फणफणला. दवाखाना गोंदियाला, रेघेच्या पलीकडे. बाबाने अंगारा लावला. पोर गेलं. रेघेच्या आतच, परसात, त्याला पुरलं.

दोन दिवसांनी प्रेमिलाला धाप लागली.

"छाती कशी उडून राहिली पाहा," रुख्मा नवऱ्याला म्हणाली. "मी नेतो हिले गोंदियाले."

"अन् विमान पडलं त? सारा गाव मरन."

"मले भेव नाही लागत का? पन इथं बसलो त हे मरते."

चैतरामने लेकीच्या छातीवर हात ठेवून पाहिला. मग उठला आणि बैल जुंपले.

गाडी रेघेपाशी आली आणि नेमकी तेव्हाच घरघर सुरू झाली. बैल थबकले. मागून लोक ओरडत धावत येत होते. आपल्यामुळे सारा गाव जळणार, असं रुख्माला अगदी खरं वाटलं. तरी ती म्हणाली, "हाना." चाक राखेवरून गेलं. तिने मान वर केली. विमान डोक्यावरून सरळ गेलं, लहान झालं, दिसेनासं झालं. गोंदिया येईपर्यंत ती वळून वळून गावाकडे पाहत राहिली.

न्युमोनिया, डॉक्टर म्हणाले, आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असंही म्हणाले.

दवाखान्यात हात प्लास्टरमध्ये घातलेला एक माणूस होता. रुख्माच्या तोंडून मंडईची हकिकत ऐकून तो उठून बसला. "बहनजी, उस जहाज में मैं था." तो विमानातला वायरलेसवाला ईश्वरदास. त्याने सांगितलं ते असं. समोरासमोर येणाऱ्या विमानांना विमानतळाच्या टॉवरमधली माणसं वायरलेसवरून वेगवेगळी उंची ठरवून देतात, एकाने वरून जायचं, दुसऱ्याने खालून. त्या दिवशीही दिली होती. पण यांच्या विमानातला उंची दाखवणारा काटा बिघडला होता. काटा वर दाखवत होता आणि विमान होतं खाली, दुसऱ्याच्याच उंचीवर. कॅप्टनला समोर दुसरं विमान दिसलं तसं त्याने आपलं कलतं केलं. त्या हिसक्यात याचा हात मोडला, म्हणून विमान गोंदियाच्या धावपट्टीवर उतरवून त्याला इथे ठेवलं होतं.

"चिमटा दिसला?" रुख्माने विचारलं.

"कुछ नहीं दिखा. हम सब को लगा, गए."

प्रेमिलाला चैतरामजवळ ठेवून ती हे सांगायला दुसऱ्या दिवशी दुपारी गावाकडे परतली. लोक रेघेवर वाट अडवून उभे होते, बाबा पुढे.

"पापी औरत, तूने डोर तोड़ी," बाबा कडाडला.

"तोडली. कालच तोडली. गाव त उभंच हाय." मग तिने ईश्वरदासचं सगळं सांगितलं. "अन् बाबा, मंडईत तुमी डोळे मिटून बसले होते. आमच्यासारखंच तुमालेही भेव लागलं होतं. मी पाह्यलं."

"हम ध्यान में थे."

घरघर ऐकू आली. लोक गोठले. बाबाचा हात वर जाणार, तोच सुलोचनाबाई पुढे झाली, त्याच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि रेघ ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली. चिमटा तिने खाली मातीत टाकला. विमान आलं, गेलं.

बाबा काहीतरी पुटपुटत पाटलांच्या ओसरीकडे वळला. त्याच्यामागून कुणी गेलं नाही.

भीती कुणालाही वाटते, तिची लाज धरू नये. पण भ्यालेल्या माणसाने डोळे मिटू नयेत, आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं दुसऱ्याच्या शब्दावर सोडून देऊ नये. रुख्माने ते मंडईतच धरून ठेवलं असतं तर एक पोर वाचलं असतं.

सुलोचनाबाई अजून रेघेच्या पलीकडे उभी होती. पायापुढच्या राखेच्या रेघेकडे पाहत ती म्हणाली, "एवढीशीच होती वं रुख्मा. मी कायले नाही ओलांडली?"