ओव्हाळबाईंचा डावा हात

हिराचं लग्न झालं ते साल दोन हजार तीन. हिरा ही प्रेमला ओव्हाळची धाकटी नणंद. विहारात लग्न लागलं, पंगती बसल्या, आणि वाढता वाढता प्रेमलाच्या हातातून वरणाची बादली सुटली. नवरदेवाच्या मामांची पँट गुडघ्यापर्यंत पिवळी झाली. मामा म्हणाले, "वहिनी, हळद कालच झाली की!" सगळे हसले, प्रेमलाही हसली. पण बादली निसटली नव्हती. मनगटातून कळ गेली होती आणि बोटांनी आपणहून बादली सोडली होती. हे तिने कोणाला सांगितलं नाही.

सांगण्यासारखी परिस्थितीच नव्हती. तिचे यजमान संभाजी चिंचवडच्या एका कारखान्यात होते. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा ते घरी बसले आणि संसार प्रेमलाच्या टायपिंगवर चालू लागला. येरवड्याला एका नव्या इमारतीत तिची कंपनी होती. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाला की त्याचं दुखणं बोलून ठेवत. ते इथे कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, असं काम. गंमत अशी की मनगटाच्या ज्या दुखण्याने प्रेमला हैराण होती, ते अधूनमधून कुठल्यातरी अमेरिकन बाईलाही झालेलं असे. डॉक्टर कानात सांगत, हाताला विश्रांती द्या, टायपिंग काही दिवस बंद ठेवा. प्रेमला ते बिनचूक टाइप करी, आणि पुढच्या रोग्याकडे वळे.

दिवाळी झाली आणि कंपनीत बातमी आली. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाने कळवलं होतं, तुमची माणसं कशी बसतात, त्यांची मान, पाठ, हात दुखतात का, हे एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या.

ऑफिसची सगळी व्यवस्था तात्याराव शाळिग्राम बघत. कसबा पेठेतला माणूस, सरकारी खात्यातून निवृत्त होऊन इथे आलेला. कोणी पेन मागितलं तर "आधीचं कुठे पुरलंत?" असं विचारूनच नवीन देत. प्रेमलाच्या शेजारी बसणाऱ्या दीपालीने त्यांना विचारलं, "तात्या, ज्यांचं दुखतंय त्यांचं काय करणार हो?"

तात्यारावांनी मस्टरमधून मान वर न काढता सांगितलं, "काय करणार? नारळ देऊन घरी पाठवणार. नारळ आणून ठेवलेत मी."

संध्याकाळपर्यंत हे सगळ्या हॉलभर झालं. दुसऱ्या दिवसापासून त्या हॉलमध्ये कोणाचंही काहीही दुखेनासं झालं.

तपासायला सुरुची नावाची तरुण मुलगी आली. गळ्यात कॅमेरा, हातात शिंप्यासारखी टेप. डेप्युटीसाहेब शाळा तपासायला यावेत तसा सगळा हॉल ताठ बसला. पण नव्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक तात्यारावांनी काढू दिलं नव्हतं. खुर्च्या मळतील म्हणून. त्यामुळे ताठ बसलेला माणूस हळूहळू पुढे घसरत येई, दचके आणि पुन्हा मागे सरके. सगळी रांग अशी झोके घेत होती.

"रोज बसता तसंच बसा ना," सुरुची म्हणाली.

"रोज असंच बसतो मॅडम," दीपाली घसरत घसरत म्हणाली.

"काही दुखतं का?"

"छे!"

प्रेमलाची पाळी यायची होती तेवढ्यात तात्याराव बर्फीचा बॉक्स घेऊन आले. त्यांना नात झाली होती. प्रेमलाचा उजवा हात त्या सकाळपासून बधिर होता. तिने डावा पुढे केला.

तात्यारावांनी बॉक्स मागे घेतला. "ओव्हाळबाई, उजवा हात काय भरपगारी रजेवर आहे का?"

सुरुचीने मान वळवली. प्रेमलाच्या डोळ्यांपुढे नारळ आला. ती म्हणाली, "मी डावखुरी आहे."

रोज सकाळी तात्यारावांच्याच टेबलावर, त्यांच्याच डोळ्यांसमोर ती मस्टरवर उजव्या हाताने सही करत होती. त्यांनी तिच्या लोंबत्या हाताकडे एकदा पाहिलं आणि बॉक्स पुढे केला.

"हो, हो. डावखुऱ्याच त्या. माझं वय झालं, विसरतो मी. घ्या, दोन घ्या."

सुरुची मात्र खूश झाली. "मग सगळं उलट बाजूला का ठेवलंय तुमच्या?" तिने लगेच माऊस डावीकडे घेतला, फोन डावीकडे घेतला, आणि प्रेमलाच्या पाठीवर थाप मारून गेली.

आता आली पंचाईत. बोललं ते निभवायला हवं. प्रेमला डाव्या हाताने सही करू लागली. तात्याराव ती चष्मा वर करून बघत आणि म्हणत, "ओव्हाळबाई, ही सही आहे की मस्टरवर झुरळ मेलंय?" पण खाडाखोड न करता पान उलटत. उजव्याचा ठणका थोडा कमी झाला, तशी महिन्याभरात डाव्या मनगटातून कळ सुरू झाली. घरी संभाजी आपणहून धुणं पिळू लागले. एकदा पिळता पिळता म्हणाले, "अगं, आता तिसरा हात कुठून आणणार तू?"

तिसऱ्या हाताची वेळ लवकरच आली. कंपनीचे मालक अनिरुद्ध यांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. सुरुचीही आली होती, पण तिचा चेहरा काही खुललेला नव्हता. अनिरुद्ध मात्र आनंदात होते.

"गाइज, रिपोर्ट एकदम एक्सलंट आहे! एकाही माणसाला त्रास नाही. क्लायंट इतका खूश झालाय की सोमवारपासून काम दीडपट देतोय."

टाळ्या वाजल्या नाहीत. दीपालीने मान चोळली आणि पटकन हात खाली घेतला. प्रेमलाने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. दीडपट कामात हे हात आठवडाभरही टिकणार नव्हते. मग नोकरी अशीही जाणार होती आणि तशीही. ती उठली.

"सर, माझे हात दुखतात. आधी उजवा दुखत होता, आता डावाही."

"पण तुम्ही तर डावखुऱ्या..." सुरुची म्हणाली.

"नाही हो. खोटं बोलले मी."

मग दीपाली म्हणाली, "माझी मान." मागून कोणीतरी कंबर म्हणालं, कोणी खांदा. पाच मिनिटांत असं झालं की हॉलमध्ये एक धड माणूस मिळेना.

"अरे, मग तेव्हा बोलला का नाहीत?" अनिरुद्ध ओरडले.

सगळ्यांनी तात्यारावांकडे पाहिलं. तात्याराव उभे राहिले.

"अहो, मी बोललो ते खरं मानलंत? इतकी वर्षं पुण्यात राहून?" पण आवाज नेहमीचा नव्हता. मग ते मालकांकडे वळले. "साहेब, चूक माझी आहे. आणि या बाई डावखुऱ्या आहेत असं मीही ठोकून दिलं. नारळ द्यायचा तर पहिला मला द्या."

सुरुची हसायला लागली आणि अनिरुद्धही. गिऱ्हाइकाला खरं काय ते कळवलं गेलं. वाढीव काम पुढे ढकललं. तात्यारावांनी स्वतः कात्रीने खुर्च्यांचं प्लास्टिक काढलं, घड्या घातल्या आणि कपाटात ठेवल्या. टेबलं खाली आली, मधूनमधून उठून हात झटकायची सक्ती झाली. प्रेमलाला दुसऱ्यांचं टायपिंग डॉक्टरांच्या बोलण्याशी ताडून तपासायचं काम मिळालं, पगार तोच राहिला. हात सावकाश सुधारले. नोकरी राहिली.

तात्याराव मात्र बिघडले. कोणाची थट्टा केली की लगेच "ही थट्टा होती बरं का" असं जोडायला लागले, आणि थट्टेची सगळी चव जाई. प्रेमला त्यांना म्हणायची, "तात्या, पूर्वीसारखं टोचून बोला हो, आम्हाला करमत नाही."

तात्याराव शाळिग्राम दोन हजार अकरा साली, जानेवारी महिन्यात, कसबा पेठेतल्या राहत्या घरी हृदयविकाराने वारले.