गोण कसली?

मी एक फ्रेम बोलतेय. सायकल नव्हे हो, फ्रेम! चाकं, घंटी, सीट सगळ्यांना दिसतात. भार सोसते ती मी, आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

माझा जन्म रोह्याजवळच्या वरसे गावातला. धाटावच्या कंपनीत आयुष्यभर वेल्डिंग केलेल्या दिनानाथांनी मला अंगणात घडवलं, पेणच्या सगुणाबाईंसाठी. बाई मिठागरावरचं मीठ गावोगाव विकतात. नऊवारी नेसणार, त्यात गुडघा दुखरा. म्हणून वरचा आडवा पाइप नको म्हणाल्या.

"तो काढला की त्रिकोण मोडतो गो, ताकद जाते," दिनानाथ कुरकुरले. मग त्यांनी खालून जाड जोडपाइप घातले आणि विचारलं, "भार किती?"

"मागं एक गोण."

"बस? मग काय नाय!"

घोळ इथेच झाला. दिनानाथ भातशेतीवाल्या घरातले. त्यांच्या डोक्यात गोण म्हणजे भाताची. ओल्या मिठाने भरलेली तीच गोण दुप्पट जड, हे बाईंना सांगावंसं वाटलं नाही. त्यांच्याकडे गोण मिठाचीच असते.

पहिल्याच आठवड्यात सीटखालच्या सांध्याला केसाएवढी चीर गेली. खाडीच्या बांधावरून उतरताना ती ताणली जायची. बाजूला खोल पाणी. मी जीव खाऊन करकरायचे. बाई म्हणायच्या, "तेल मागते वाटतं," आणि चेनला तेल पाजायच्या! हसावं की रडावं कळेना. मी तुटले तर ही बाई जाईल, या भीतीने माझी झोप उडाली होती.

परवा दिनानाथ सहज मिठागरावर आले. बांधलेली गोण सरळ करायला गेले, तर जागची हलेना. चेहराच उतरला त्यांचा. त्यांनी नखाने माझा रंग खरवडला. चीर दिसली.

"सगुणाबाय, मला वाटलं भाताची गोण!"

"मीठवाली बाय भात कशाला नेल?"

"चुकलो गो मी. जीव गेला असता तुझा."

त्यांनी मला घरी नेऊन वेल्डिंगने चीर भरली, वर जाड पत्रा चढवला आणि बजावलं, "यापुढं अर्धीच गोण."

आज सकाळी बाईंनी अर्धी गोण भरली. मग मिठाच्या ढिगाकडे बघत राहिल्या. "दोन-दोन खेपा कोण घालणार?" म्हणाल्या आणि फावडं उचललं. गोण भरत चाललीय.

बाई, पाया पडते तुमच्या. ऐकणार नसाल तर नका ऐकू. पण बांधावर मी करकरले, तर तेलाची बाटली शोधू नका. आधी खाली उतरा.