भुंडी

शेवंतीचे डावे शिंग कापावे लागले. आमच्या खापा गावच्या गोठ्यातील ही गवळाऊ जातीची शेवटची गाय. तिची आई शिंगाच्या कर्करोगानेच गेली, आणि आता तोच रोग हिच्यात उतरला होता. फार तर चार महिने, असे नागपूरच्या पशुसंशोधन संस्थेतील पशुवैद्यकांनी स्पष्ट सांगितले. आडपडदा मला खपत नाही, हे त्यांनी ओळखले असावे.

माझी नात दामिनी त्याच संस्थेत संशोधन करते. तिने शेवंतीची बीजांडे काढून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती काचपात्रात फलित करायची होती, आणि गर्भ दुसऱ्या गायीच्या उदरात वाढणार होता.

"आजी, वासरू दोन प्रकारे होऊ शकतं," ती म्हणाली. "एक तर जसं आहे तसं. नाहीतर पहिल्याच पेशीत शिंगांचं जनुक बदलून. मग शिंगंच येणार नाहीत, म्हणजे हा रोगही नाही. पण बदललेलं जनावर संस्थेच्या आवाराबाहेर नेता येत नाही. ते खाप्याला कधीच येणार नाही."

चाळीस वर्षे आमची गुरे राखणारा देवाजी शेवंतीवरच्या माशा वारत होता.

"भुंडी गाय काहून पाहिजे वं पोरी? तिच्या गोऱ्ह्याले पोळ्याच्या दिवशी बेगड काय कानाले चिकटवू?"

दामिनी हसली. मी हसले नाही.

यजमान गेले तेव्हा गावातल्या बायका याच शब्दाने माझ्या हातांविषयी बोलत. सासूबाईंनी बांगड्या उतरवल्या होत्या. तीन महिने मी ते भुंडे हात पदराखाली लपवले. मग एके सकाळी तसेच उघडे टाकून नांगरणी पाहायला शेतावर गेले. हात पूर्वीइतकेच कामाचे होते.

परंतु वासराचा प्रश्न निराळा होता. शिंगांसह ते माझ्या अंगणात बागडले असते, आणि कदाचित आजीसारखे, आईसारखे मान झटकत मेले असते. माझ्या अंगणाच्या हौसेसाठी हे मागणे मला शोभणारे नव्हते. मात्र जन्मभर कुंपणात राहशील का, हेही त्याला कोणी विचारणार नव्हते.

"त्याला ऊन मिळेल?" मी विचारले.

"मोकळं कुरण आहे, आजी. कुंपणाच्या आत."

मी संमतीचा कागद मागितला.

"बाई, मंग आपला गोठा?" देवाजी म्हणाला.

"रिकामा राहील."

त्याने शेवंतीवरची माशी वारली. मग दामिनीकडे वळला. "त्या वासराले पाहू तरी देतीन का वं?"

"कुंपणाबाहेरून, देवाजीकाका."

"मग कुंपणाबाहेरून," मी म्हणाले, आणि सही केली.