काळ्या रंगाखालचं पितळ

मुलांनो, धुळ्यातलं एक बंद पडलेलं जिन डोळ्यांपुढे आणा. जिन म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना. सन १९४३, तिकडे मोठी लढाई चालू आहे. आवारात गवत माजलंय, कुंपणाच्या तारेला कापसाचे जुने पुंजके अडकलेत. निंबाच्या झाडाखाली एक मोटार उभी आहे. वर कापडी छप्पर, चाकांना लाकडी आरे, पुढे घमेल्याएवढे दोन दिवे, आणि सगळं अंग काळ्या रंगाने माखलेलं. दिसली? मग तिच्या पुढच्या चाकाशी उकिडवी बसलेली दहा वर्षांची वच्छलाही बघा. हातात चिंचेचा गोळा, पुढ्यात राख, आणि ती जीव खाऊन दिवा घासते आहे.

"आबा, इतलं पितळ शे खाले?" तिने विचारलं.

"बठ्ठं पितळ शे, पोरी. सगळंच्या सगळं. शेटला रोज घासायला लावायचा कंटाळा आला, म्हणून त्याने काळं फासलं. पंधरा वर्षं झाली. लोक समजतात, पत्राच आहे."

आबा म्हणजे तिचा आजा, गिरधर. जिनाचे मालक रतिलाल शेट सुरतेला निघून गेले होते आणि उद्या जिनातल्या सगळ्या वस्तूंचा लिलाव होता. यंत्रं, नळ्या, वजनकाटे आणि ही मोटार. गिरधरने ती तेवीस वर्षं चालवली होती. रंग खरवडायच्या पात्याबरोबर त्याचं तोंडही चालू होतं.

"हल्लीच्या गाड्या म्हणजे साबणाच्या वड्या. गुळगुळीत! बटण दाबलं की सुरू. अगं, हँडल मारल्याशिवाय मोटारीची तब्येत कळणार कशी? नाडी न बघता वैद्य पुडी बांधतो का?"

"आणि लळिंगच्या घाटात, आबा?" वच्छलाने मुद्दाम विचारलं. उत्तर तिला पाठ होतं.

"तिथे आपली गाडी उलटी चढायची! टाकी सीटखाली. चढावर तोंड वर झालं की पेट्रोल पुढे पोचत नाही. मग फिरवायची आणि पाठीमागे चढवायची. तोंड धुळ्याकडे, पाठ मालेगावकडे. लोक हसायचे. शेट डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचे."

वच्छला हसली. "आणि साहेबलोक खेळतात ते क्रिकेट?"

"त्याला मी खेळ म्हणत नाही. दहा-अकरा जण उन्हात उभे, पळतो एखादाच. बैलांच्या शर्यतीत निदान दोन्ही बैल पळतात. खेळ म्हणजे कुस्ती. पैलवान शड्डू ठोकतो तो कोणासाठी? समोरच्यासाठी नाही, बघणाऱ्यांसाठी. लिलावाचंही तसंच. वस्तूने उभ्याउभ्या शड्डू ठोकला पाहिजे. घास, तो कोपरा राहिला."

"लिलावात वस्तू कोण नेतं?"

"पहिली बोली लावणारा तर नाहीच. मागे उभा राहून कान कोरत असतो ना, त्याच्यावर नजर ठेवायची."

एक गोष्ट तो पुन्हा पुन्हा बोलत होता, पण हळू आवाजात. बोदवडचा अभिमन दुपारी गाडी बघून गेला होता. त्याला स्टेशन ते आसपासची गावं अशी फेरी सुरू करायची होती. पेट्रोलचा परवाना त्याने खटपट करून मिळवला होता. जाताना तो म्हणाला होता, "गाडी मला मिळाली, तर चालवायला तुम्हीच, गिरधरभाऊ." गिरधर साठीला टेकला होता. एका डोळ्याला कमी दिसायचं. दुसरा कोणीही त्याच्या हाती गाडी देणार नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच तर हा सगळा थाट. अभिमनने सकाळी गाडी पाहावी आणि मागेपुढे न बघता बोली लावावी.

सकाळी ऊन पडलं आणि मोटार अशी झळकली की आवारात येणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडेच वळला. सोनगीरचा वना तांबटही वळला. तो भांड्यांचा कारागीर. जिनातल्या तांब्याच्या नळ्या घ्यायला आला होता.

"रंग छान दिलाय," तो म्हणाला.

गिरधरला ते झोंबलं. "रंग? अहो, पितळ आहे! टिचकी मारून बघा."

वनाने टिचकी मारली, कान जवळ नेला. "जाड दिसतंय."

"जाड? आजच्या गाडीला असं पितळ औषधाला सापडायचं नाही. ही पाण्याची टाकी बघा, हे दिवे, बाजूचे दोन, हा भोंगा. बठ्ठं एक नंबर!"

वनाने भोंग्यालाही टिचकी मारली. मग तो गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि निंबाच्या काडीने कान कोरू लागला.

वच्छलाने ते पाहिलं. ती आबाची बाही ओढू लागली. पण गिरधर हँडल मारत होता. एकाच फेऱ्यात इंजिन सुरू झालं आणि लोकांनी वाहवा केली.

शेटच्या मुनीमाने बोली पुकारली. अभिमन तीनशेवर गेला. मागून आवाज आला, "साडेतीनशे."

अभिमनने वळून पाहिलं. "वनाभाऊ, तुम्ही? आता मोटारीत बसून हंडे विकणार का?"

सगळे हसले. वनाही हसला. "मोटार कोण घेतंय? मी पितळ घेतोय. लढाई लागल्यापासून बाजारात पितळेचा पत्रा नाही. भट्टी थंड, चार माणसं घरी बसून आहेत."

अभिमनने आणखी दोनदा बोली वाढवली. तिसऱ्यांदा त्याने नकारार्थी मान हलवली. मुनीमाने एक वार, दोन वार, तीन वार म्हणत मोटार वनाच्या नावावर केली.

अभिमन गिरधरजवळ आला. "काल काळी होती तेव्हा त्याने हिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं," एवढंच तो म्हणाला आणि पागोटं सारखं करत निघून गेला.

इंजिन अजून चालूच होतं. गिरधरने ते बंद केलं.

"भाऊ," वना अदबीने म्हणाला, "अख्खी न्यायची म्हणजे पेट्रोल हवं, ते माझ्याकडे नाही. इथेच सोडवून बैलगाडीत घालतो. तुम्हीच खोला. तुमच्या हातून चेपायचं नाही." त्याने पाना पुढे केला.

गिरधरने तो घेतला. दिव्यापुढे बसला. पाना नटावरून एकदा घसरला, पुन्हा घसरला. त्याने नटावर राहिलेला काळा रंग नखाने खरवडला. वनाची बैलगाडी फाटकातून आत आली.

वच्छला पुढे झाली. तिने आबाच्या मुठीतून पाना सोडवला, परकर सावरून गुडघ्यांवर बसली.

"कोणत्या बाजूला फिरवू, आबा?"

गिरधरने बोटाने दाखवलं. वच्छलाने दोन्ही हातांनी जोर लावला, आणि पहिला नट सुटल्यावर तो आबाच्या हातात ठेवून ती दुसऱ्याकडे वळली.