शेवटचं पान मला वाचून दाखवलं नाही

मी एक म्हातारा कुत्रा आहे, मित्रांनो, आणि एका पुस्तकातला 'मी'सुद्धा मीच आहे. निदान लोक तरी तसे समजतात.

मी पिल्लू असताना भाऊंनी मला घरी आणले. भाऊ लेखक. माझ्यावर कादंबरी लिहायची, आणि तीही माझ्याच तोंडून, असे त्यांनी ठरवले. वहिनी हसल्या. "अहो, माझ्या मनातलं तुम्हाला अजून कळत नाही, आणि याच्या मनातलं लिहिणार?"

"हा बोलत नाही ना, म्हणून सोपं आहे," भाऊ म्हणाले. दोघे हसत होते, म्हणून मीही शेपटी हलवली.

मग आमची एक पद्धतच पडली. लिहिलेले प्रत्येक पान भाऊ मला मोठ्याने वाचून दाखवत. माझे कान उभे राहिले तर पान ठेवायचे, जांभई आली तर फाडायचे. "काय मास्तर, पास की नापास?" घरात माझे नावच मास्तर पडले. एका पानावर म्हणे मी चंद्राकडे बघून आयुष्याचा विचार करत होतो! अहो, चंद्राकडे मी कधी ढुंकूनही पाहिले नाही. दिली जांभई, गेले पान. वहिनींच्या ओल्या चपलांचा वास मात्र पुस्तकात राहिला. या घरात आपल्या मताला किंमत आहे, असे मला वाटे.

पुढे म्हातारपणी माझे मागचे पाय आखडले. जिना चढवेना, कधी कधी घरातच घाण होई. त्याच सुमारास कादंबरी संपत आली. शेवटचे पान भाऊंनी दार लावून लिहिले आणि मला वाचून दाखवलेच नाही. वहिनी माहेरी गेल्या होत्या. भाऊंनी मला स्कूटरवर बसवले आणि पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आणून सोडले. "चार दिवस राहा हं, मास्तर," म्हणाले. मी विश्वास ठेवला. रोज दाराशी बसून वाट पाहिली.

पुढे माझेच पुस्तक बांधणीला आले. कारखान्यातल्या काकू पाने शिवताना वाचत असत. भाऊ प्रती न्यायला आले, तेव्हा त्या उसळल्या. "भाऊ, हे काय लिहिलंय? 'कुणाला माझा त्रास नको, म्हणून मी आपणहून घर सोडलं.' कधी सोडलं यानं?"

"वाचकांना असाच शेवट आवडतो, काकू. आणि घरीही मी हेच सांगितलंय. तेवढं सांभाळून घ्या."

मित्रांनो, ज्या 'मी'साठी मी इतकी वर्षे कान दिले, त्याच 'मी'ने मला घराबाहेर काढले होते.

काकूंची नजर चुकवत भाऊंनी ते पान मोठ्याने वाचले. "काय मास्तर, पास की नापास?" म्हणत त्यांनी खिशात हात घातला. स्कूटरची किल्ली वाजली. मला वाटले, आता घरी जायचे. माझे कान ताडकन उभे राहिले.

"बघा काकू, पास!" भाऊ म्हणाले. प्रतींचा गठ्ठा उचलून ते निघून गेले.

मित्रांनो, आमच्या तोंडून खुशाल गोष्टी सांगा. फक्त आमचे कान उभे दिसले, तर आम्ही कशाची वाट पाहतो आहोत, ते आधी नीट बघा. मी अजून दाराशीच बसतो.