बेचाळीस प्याले

भामाताईंनी भाकरीचा तुकडा घेतला आणि प्याला पुन्हा न घेताच पुढे जाऊ दिला. सलग तिसरा महिना. मी मागच्याच बाकावर होते, माझं डोकंच फिरलं. प्रभुभोजन म्हणजे काय लग्नाची पंगत आहे, भाजी वाढा पण कढी नको म्हणायला? एक तर दोन्ही घ्यावं, नाहीतर माझ्यासारखं दोन्ही सोडावं.

मी सात वर्षं सोडतेय. आणि गंमत बघा, ते मांडतेही मीच. आमच्या खांदा कॉलनीतल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रभुभोजन असतं. शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, शनिवारी उकळून गाळायच्या, बिनखमिराची पोळी, तिलाच भाकर म्हणायचं, भाजून तिचे नखाएवढे तुकडे करायचे, बेचाळीस काचेचे प्याले भरून ताटात लावायचे आणि उपासना संपली की विसळत बसायचं. इतक्या वर्षांत 'वसुंधराबाई, सरका, मी करते' म्हणणारं एक माणूस निघालं नाही. ताट फिरून आलं की माझा प्याला भरलेलाच असतो. तो रस मोरीत ओतत नाहीत, म्हणून अंगणातल्या चाफ्याच्या बुंध्याशी ओतते. चाफा मात्र झकास वाढलाय.

मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी समेट करावा, मगच या मेजाशी यावं, असं आमच्यात मानतात. माझी अढी भामाताईंविषयी. त्या माझ्या थोरल्या नणंद, उलव्याला मुलाकडे राहतात. सात वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आमच्या ह्यांच्या, शांतवनच्या, छातीत जळजळायला लागलं. मी पित्ताची गोळी दिली आणि पडून राहा म्हटलं. सकाळी ते उठलेच नाहीत. तेव्हा मला नर्स होऊन चौतीस वर्षं झाली होती. मातीच्या वेळी साऱ्या मंडळीसमोर भामाताई म्हणाल्या, "नर्स ना गं तू? तुला दिसलं नाही?"

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मला चीड कशाची, तर बोलल्या त्या, आणि दर महिन्याला प्याला खुशाल घ्यायच्या त्याच. उपाशी मी. आमच्या चर्चचे पाळकसाहेब प्रणित दोनदा घरी येऊन समजावून गेले, चहा पिऊन गेले. मी म्हटलं, त्यांना येऊ द्या आधी. मग दोन महिन्यांपूर्वी भामाताईंनी पहिल्यांदा प्याला सोडला. टोचलं वाटतं मनाला एकदाचं, असं मी समजले. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला.

आज मंडळीचे पंच काशीराम मामा त्यांच्यापुढे ताट धरून जरा जास्तच थांबले. भामाताईंनी मान हलवून नको म्हटलं. तेवढ्यात पदराखालचा उजवा हात निसटून बाहेर आला. अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखे आपोआप फिरत होते. त्यांनी डाव्या हाताने तो पुन्हा मांडीवर दाबून धरला.

कंपवात. असे हात मी वॉर्डात शेकड्याने पाहिलेत. भाकरीचा तुकडा मुठीत धरून तोंडात टाकता येतो, काठोकाठ भरलेला प्याला धरता येत नाही. तीन महिने मी मागच्या बाकावरून त्यांच्या मनातलं ओळखत बसले होते, हाताकडे एकदाही बघितलं नाही. नर्स ना गं तू, तुला दिसलं नाही? या खेपेला मला कुणी विचारलं नव्हतं. आणि ज्या प्रश्नाचा सात वर्षं राग धरला, त्याचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नव्हतं दिसलं.

"मामा, थांबा," म्हणत मी उठले. गुडघे कटकटले. सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती, बघोत. मी पुढच्या बाकावर भामाताईंच्या शेजारी जाऊन बसले आणि ताटातला प्याला उचलला.

"हे मला कधी सांगणार होतात?" राग आवाजात होताच, तो एकदम कुठे जाणार?

"तू बोलतेस कुठे माझ्याशी," त्या हळू म्हणाल्या. "सांडलं असतं गं. शनिवारभर खपून तू केलेलं."

मी त्यांच्या मानेमागे हात घातला आणि आजाऱ्याला पाजावं तसा प्याला ओठांना लावला. एक थेंब हनुवटीवर आला, तो माझ्या पदराने टिपला. मग त्यांनी ताटाकडे नजर टाकली.

"आता तुझं."

त्यांनी माफी मागितली नाही. मीही नाही. मी भाकर घेतली, प्याला घेतला. सात वर्षं हा रस मी करतेय, चव आज कळली. चक्क कडवट होता. चाळीस माणसं दर महिन्याला पितात, पण कुणी एका शब्दाने सांगेल तर शपथ.

उपासना संपल्यावर मी नळाशी बसले. भामाताई काठी टेकत आल्या, बाकड्यावर टेकल्या आणि फडकं मागू लागल्या.

"दे, मी पुसते."

काचेचे प्याले, आणि ते हात. नाही म्हणणं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी एक विसळून दिला. त्या पुसत होत्या, प्याला अंगठीवर किणकिणत होता. त्यांचा होईपर्यंत मी दुसरा विसळत नव्हते. एक फुटलाच शेवटी. उरलेले एकेचाळीस आम्ही ताटात लावले. चाफ्याला ओतायला आज काही नव्हतं.